पादत्राणे, पावित्र्य आणि समुद्राचा डंख

आमचे सावरगाव समुद्रापासून शेकडो मैल दूर. आमच्या वाट्यास आली ती जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दोन काठांवरून सावरगाव व पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकतात. ती गोटमार योग्य की अयोग्य, हा वाद आज नको. पण त्या दिवशी उपचारासाठी डॉक्टर सज्ज असतात, आणि ‘चंडीमातेची कृपा असता मलमपट्टी कशाला?’ असे आमच्याकडे कोणी विचारीत नाही. पुढे तीनच दिवसांनी गणेशचतुर्थी येते. समुद्रकाठच्या विसर्जनात मात्र हाच प्रश्न निराळ्या वेषात ऐकू येतो : ‘देवकार्यात पायांत पादत्राणे कशी घालावी?’

२०१३ साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनप्रसंगी कित्येक भाविकांच्या पायांस पाकट माशांचे काटे लागले. त्यांस रुग्णालयांत न्यावे लागले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूस निळ्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या जीवांनी अनेकांस डंख केले. २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदांहून अधिक लोकांस जेलीफिशचा दंश झाला. पावसाळी वारे हे जीव किनाऱ्यास लोटतात, आणि आपले विसर्जनही त्याच ऋतूत येते. हा देवाचा कोप नव्हे. हा ऋतुधर्म आहे.

पावित्र्याचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती किंचित हलविली, म्हणजे आवाहन केलेले दैवत स्वस्थानी गेले, असे आपलेच शास्त्र सांगते. मग पाण्यात नेताना केवळ त्याच कामासाठी राखलेले, धुतलेले, घोट्यावर चढणारे बूट घातले तर कोणता धर्म बुडतो? पोराबाळांस अनवाणी लाटांत लोटणे ही भक्ती नव्हे, निष्काळजीपणा आहे. आणि त्याचा दोष मंडळांच्या व देवस्थानांच्या चालकांकडेच जातो.

दुसरा दोष अडाणी उपचारांचा. डंख होताच वाळू चोळतात, कोणी मूत्र, कोणी मद्य ओततात. जेलीफिशच्या तंतूंवर सूक्ष्म दंशपेशी असतात. चोळल्याने, गोड्या पाण्याने न फुटलेल्या पेशीही फुटतात व विष वाढते. वाळूवर मरून पडलेला जीवही डंखतो. त्यास हात लावू नये. डंख झाल्यास पाण्याबाहेर यावे, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावे, नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग सुमारे वीस मिनिटे ठेवावा. पाकटाच्या जखमेसही गरम पाणी उतार देते. पण खोल रुतलेला काटा उपटू नये, डॉक्टरांकडे जावे व धनुर्वाताची लस घ्यावी. श्वास कोंडला, छातीत दुखले, चेहरा सुजला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

यास खर्च तो किती? बुटांचे काही जोड, चिमटा, गरम पाण्याचे पिंप आणि एक जाणता स्वयंसेवक. रोषणाईसाठी सहस्रावधी रुपये वेचणाऱ्या मंडळांस एवढे जड जावे काय? विघ्नहर्त्यास निरोप देताना भक्तांवर विघ्न ओढवू न देणे, हीही त्याची पूजाच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.