उज्जयिनीच्या विद्यार्थ्याने कोणाशी बोलावे?

कॉलेजातला विद्यार्थी कुरकुर करतो यात नवल ते काय? परीक्षेची तारीख पुढे ढकलली, निकाल रखडला, गुणपत्रिकेत नावच चुकले, वर्ग आहे पण शिकविणारा नाही, वाचनालय आहे पण हवे ते पुस्तक नाही, हे रडगाणे बेळगावापासून बनारसपर्यंत एकाच सुरात चालते. वडीलधारी मंडळी ते ऐकतात, "आमच्या वेळी तरी कुठे सोन्याचा धूर निघत होता?" असे विचारतात आणि पान तोंडात टाकून विषय संपवितात. विषय असा संपविणे सोयीचे असते. आज तोच विषय आम्ही उज्जयिनीच्या निमित्ताने पुन्हा काढीत आहोत.

उज्जयिनीच का, असे वाचक विचारतील. हे नगर आपल्यापासून लांब असले तरी परके नव्हे. राणोजी शिंद्यांनी माळव्यात बस्तान बसविले ते येथे. शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. गावातील जुन्या कॉलेजाला माधवरावांचे नाव आहे. क्षिप्रेच्या काठी आजही मराठी आडनावांची घरे आहेत आणि त्या घरांतील मुले हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून त्याच कॉलेजांत शिकत आहेत. परंतु आमचे खरे कारण निराळे आहे. विद्यार्थ्याच्या तक्रारीचे आणि मताचे काय होते, हे ज्या गावाकडे पाहून नीट समजावे असे गाव उज्जयिनीखेरीज दुसरे आम्हांस दिसत नाही.

प्रथम तक्रारी घेऊ. मध्य प्रदेशातील सरकारी महाविद्यालयांत जागा रिकाम्या असल्या की दिवसावर मानधन देऊन शिक्षक बोलावतात आणि त्यांना 'अतिथी विद्वान' असे भारदस्त नाव देतात. नाव ऐकून वाटावे, कोणी काशीचे शास्त्री पालखीतून उतरत आहेत! प्रत्यक्षात हा विद्वान पुढच्या सत्रात आपण असू की नसू या चिंतेत फळ्यापुढे उभा असतो आणि समोरचा विद्यार्थी आपला पाहुणा अर्ध्या अभ्यासक्रमावरच निरोप घेईल या धास्तीत असतो. पदवी पदरात पडली की सरकारी भरतीची परीक्षा आली. तेथे 2013 साली बाहेर आलेल्या व्यापमं घोटाळ्याची आठवण अजून पुसलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली तो तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. पुढे 2019 मध्ये राज्य सरकारने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण 14 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर नेले, वाद न्यायालयात गेला आणि 2022 पासून अशी तोड काढण्यात आली की 87 टक्के जागांचे निकाल लावावेत आणि 13 टक्के जागांचे राखून ठेवावेत. न्याय कोणत्या बाजूस आहे हे न्यायालयाने सांगावे. पण त्या 13 टक्क्यांत सापडलेल्या मुलाची अवस्था काय? आपण उत्तीर्ण झालो की नापास, हेही त्यास ठाऊक नाही. घरी विचारतात, शेजारी विचारतात, सोयरीक आणणारे तर विचारतातच. नापास झालेल्यास निदान पुन्हा अभ्यासाला बसता येते!

आता मते. आजच्या विद्यार्थ्याला राजकारणाचे आणि संस्कृतीचे सोयरसुतक नाही, हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही. 2021 साली मध्य प्रदेशात बी. ए. प्रथम वर्षाच्या तत्त्वज्ञान विषयात रामचरितमानसाचा वैकल्पिक पाठ आला. कोणास तो हवाच होता, कोणास नको होता. 2022 च्या ऑक्टोबरात महाकालाच्या देवळालगत 'महाकाल लोक' उभे राहिले आणि गावात यात्रेकरूंचा ओघ वाढला. त्यात कोणास आपल्या गावाचे भाग्य दिसले, कोणास आपल्या खोलीचे भाडे. 2025 साली, 1957 मध्ये स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठाचे 'सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ' झाले. नाव लांबले, निकालाचा पल्ला आखूड झाला तर बरे, असे एखाद्या खोडकर मुलाने म्हटलेही असेल. या प्रत्येक गोष्टीवर उज्जयिनीच्या विद्यार्थ्यास मत आहे आणि ते तो रात्री जागून भ्रमणध्वनीवर लिहितो आहे. हजार जण वाचतात, शंभर जण शिव्या देतात, दहा जण वाहवा करतात. मात्र उत्तर देणे ज्याचे कर्तव्य आहे असा एकही मनुष्य त्या गर्दीत नसतो. प्राचार्य नसतात, कुलगुरू नसतात, मंत्री तर नसतातच. मोकळ्या माळावर हाका मारीत बसावे, तसे हे बोलणे आहे.

याच गावात विद्यार्थ्याचे असमाधान एकेकाळी कोठे जाऊन पोचले, हे पाहण्यासारखे आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. वडील पोलिस खात्यात. 1930 साली उज्जयिनीत मुलगा मिडलच्या परीक्षेत नापास झाला आणि त्या अपयशास तो पुढे आपल्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची घटना मानीत असे. माधव कॉलेजातून इंटर करून त्याने इंदूरला होळकर कॉलेजात पदवी घेतली. संस्थानी राज्य, मताधिकाराचे नाव नाही, घरी बेताचे. कुरकुरीला कारणे कमी नव्हती. पण खांडव्याहून निघणारे माखनलाल चतुर्वेदींचे 'कर्मवीर' त्याच्या कविता छापीत होते आणि त्याचे म्हणणे खोडून काढणारे मित्र सभोवती होते. त्याच उज्जयिनीत माधव कॉलेजात प्रभाकर माचवे शिकवीत असत, तेही मराठीभाषीच. 1943 साली 'तार सप्तक' निघाले तेव्हा त्यातील सात हिंदी कवींपैकी दोघे हे होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले. बिशू नावाच्या तरुणाच्या जडणघडणीची कथा त्यांनी ज्या तीन कादंबऱ्यांत मांडली, त्यांतील पहिलीचे नाव 'क्षिप्रा' आहे. मराठी वाचकाने माळव्यातील तरुणाच्या मनाची तगमग पाहावयाची तर ते पुस्तक अजूनही उघडावे. एका घरातील दोन भाऊ, दोन भाषा, आणि दोघांच्याही पाठीशी त्यांचे बोलणे गंभीरपणे घेणारे कोणीतरी!

येथे जाता जाता एक खंत नोंदवितो. आमच्या सीमाभागातील मुलाची भाषा पाटीवरून, दाखल्यावरून, सरकारी कागदावरून हिसकली जाते. त्यामुळे तो तिला घट्ट धरून बसतो. माळव्यात मराठीवर कोणी हात टाकलेला नाही. तेथे ती आपोआप हातातून निसटते आहे. आजी बोलते, आई समजते, मुलगा गणपतीच्या आरतीपुरता आठवतो. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा माळव्यातील मराठी विद्यार्थ्यास त्याचे काय वाटले, हे विचारण्याची तसदी आम्ही मराठी पत्रकारांनीही फारशी घेतली नाही. असो.

मूळ मुद्द्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्याच्या म्हणण्याला उत्तर मिळण्याची एक रीतसर जागा निर्माण झाली, ती म्हणजे विद्यार्थी संघ. तिचे महत्त्व उज्जयिनीस सांगणे म्हणजे सोनाराला सोन्याचा भाव सांगणे होय. 2023 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले डॉ. मोहन यादव हे याच गावचे. 1982 साली ते माधव विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थी संघाचे सहसचिव होते आणि 1984 साली अध्यक्ष. विद्यार्थी संघाच्या पायरीवरून चढलेला मुलगा राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, ही गोष्ट लोकशाहीला भूषणावह आहे. मुख्यमंत्री होण्यापूर्वी ते उच्च शिक्षण खात्याचे मंत्री होते. ती पायरी आज कोठे आहे, हा प्रश्न त्यांना विचारला तर ते रागावणार नाहीत अशी आशा आहे.

पायरी का मोडली, याचे कारणही उज्जयिनीतच घडले आणि ते लपवून आम्हांस युक्तिवाद करावयाचा नाही. 2006 च्या ऑगस्टची 26 तारीख. माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून दंगा झाला, प्राध्यापकांवर हात टाकण्यात आला आणि राज्यशास्त्र विभागाचे प्रमुख प्रा. हरभजनसिंग सभरवाल प्राणास मुकले. ज्याने आयुष्यभर मुलांना राज्यघटना शिकविली त्याचा अंत मुलांच्या निवडणुकीच्या दंगलीत व्हावा! खटला सर्वोच्च न्यायालयाने नागपूरला हलविला. साक्षीदार उलटले आणि 2009 च्या जुलैत तेथील सत्र न्यायालयाने सहाही आरोपींस पुराव्याअभावी निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरसावंद्य मानतो. पण एक प्राध्यापक कॉलेजाच्या आवारात गेला आणि त्याबद्दल कोणीच दोषी ठरला नाही, हे सत्य कोणत्याही निकालाने पुसता येत नाही. या प्रसंगाचा कलंक विद्यार्थी राजकारणावर आहे. जे पक्ष कॉलेजातील पोरांच्या हाती आपले झेंडे देतात, त्यांच्यावर तो त्याहून गडद आहे.

मग निवडणुका बंदच केलेल्या बऱ्या नव्हेत काय? हा प्रश्न सज्जन माणसेही विचारतात, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. त्या दुर्घटनेच्या तीनच महिने आधी, 2006 च्या मे महिन्यात, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम्. लिंगडोह यांच्या समितीने अहवाल दिला होता आणि सभरवालांच्या मृत्यूनंतर महिनाही उलटला नव्हता तोच, 22 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणण्याचा आदेश दिला. त्यातील नियम कोणीही वाचून पाहावेत. पदवीच्या वर्गातील उमेदवाराचे वय 17 ते 22 असावे, त्याची हजेरी 75 टक्के असावी, एका उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांवर जाऊ नये, छापील पोस्टरे नकोत, सारी निवडणूक दहा दिवसांत उरकावी, राजकीय पक्षांनी आवाराबाहेर राहावे. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांच्या आत मतदान घ्यावे, असेही त्यात आहे. समितीने रोग पाहिला आणि औषध लिहून दिले. सरकारांनी औषध न आणता रोग्यालाच घराबाहेर काढले. मध्य प्रदेशात पुढे या निवडणुका कधी झाल्या, कधी टळल्या. 2017 च्या ऑक्टोबरात खंडानंतर झाल्या त्या अप्रत्यक्ष पद्धतीने, वर्गप्रतिनिधींनी पदाधिकारी निवडण्याच्या. नंतर पुन्हा वर्षांमागून वर्षे कोरडी गेली.

महाराष्ट्रातील आमच्या बांधवांनी हे वाचून मिशीत हसू नये. तेथे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची रीत आणली आणि 2016 च्या कायद्याने निवडणुकीचे दार पुन्हा उघडले खरे, पण उघडलेल्या दारातून कोणास आत जाऊ दिले नाही. मुलगा अठराव्या वर्षी लोकसभा निवडू शकतो. 1989 पासून हा अधिकार त्यास आहे. देशाचे सरकार निवडण्याइतकी अक्कल त्याला आली, मग आपल्या वर्गासाठी बोलणारा माणूस निवडण्याइतकी येत नाही, हे तर्कशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवितात?

विद्यार्थ्यांसही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. विद्यार्थी संघ म्हणजे मिरवणूक, गुलाल आणि मोटारसायकलींची रांग, हे रूप त्यांनीच त्यास दिले. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लावणारा अध्यक्ष वाचनालयाच्या वेळेबद्दल प्राचार्यांना काय विचारणार? ज्याला निवडणूक हवी त्याने आधी निकाल, वाचनालय, रिक्त जागा, वसतिगृह यांची यादी हातात घेऊन उभे राहिले पाहिजे. आपले मत भ्रमणध्वनीवर शंभरांना ऐकविणे सोपे आहे. विरुद्ध मताचा सहाध्यायी समोर बसला असता तेच मत नीट मांडणे कठीण असते आणि विद्यार्थी संघाच्या बैठकीत तेच करावे लागते. मुक्तिबोधांचे मित्र त्यांच्या कवितेवर तुटून पडत असतील, तरी उद्या पुन्हा त्याच ओसरीवर येत असत. ती ओसरी आज विद्यार्थ्यास द्यावयाची आहे.

आमची मागणी मोठी नाही. पुढचे सत्र सुरू होताच उज्जयिनीतील महाविद्यालयांनी लिंगडोह समितीच्या नियमांनुसार, थेट मतदानाने, आठ आठवड्यांच्या आत विद्यार्थी संघ निवडावेत आणि प्राध्यापकांच्या संरक्षणाची व्यवस्था मतदानाच्या आधी करावी, मागून नव्हे. निवडून आलेल्या संघाची बैठक दर महिन्याला प्राचार्यांसमोर व्हावी. पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता येईल हे सांगावयास ज्योतिषी नको: निकाल केव्हा लागणार? त्याचे उत्तर प्राचार्यांनी लेखी द्यावे, त्यावर तारीख घालावी आणि तो कागद कॉलेजाच्या दारातील फलकावर लावावा.