तीन सरकारे आणि एक विद्यार्थी

मे 2025 मध्ये पुण्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षासंबंधीचा दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर समाजमाध्यमावरील आपल्या खात्यावरून पुढे पाठविला. टीका आणि धमक्या सुरू होताच तिने तो दोन तासांच्या आत काढून टाकला व क्षमाही मागितली. तरीही तिच्यावर गुन्हा दाखल झाला, तिला अटक झाली आणि तिचे म्हणणे न ऐकताच महाविद्यालयाने तिला काढून टाकले. परीक्षा सुरू असताना ही मुलगी तुरुंगात होती. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामिनावर मुक्त करण्याचा आदेश दिला, महाविद्यालयाच्या कारवाईस स्थगिती दिली आणि राज्य सरकारला कडक शब्दांत जाब विचारला.

वृत्तपत्रांनी दोन-चार दिवस या निकालाची वाखाणणी केली आणि विषय संपला. वस्तुतः विषय तेथे सुरू व्हावयास हवा होता. एका विद्यार्थिनीची चूक, असलीच तर, दोन तासांत दुरुस्त होते. परंतु शासन, पोलीस आणि शिक्षणसंस्था या तिन्ही यंत्रणांची चूक दुरुस्त करण्यासाठी उच्च न्यायालयाला सुटीच्या काळात बसावे लागते, याचा अर्थ काय? हा एका अधिकाऱ्याच्या अतिउत्साहाचा प्रश्न असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हे पुनःपुन्हा घडले आहे, आणि ते वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटीत घडले आहे.

नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबईत सर्व व्यवहार बंद झाले. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर शंका व्यक्त केली आणि तिच्या मैत्रिणीने तिला पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार होते. मे 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला एका ट्विटवरून अटक झाली. ते ट्विट राष्ट्रवादी काँग्रेसच्या अध्यक्षांना उद्देशून असल्याचा आरोप होता. एकाच मजकुराबद्दल निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदविले गेले आणि तो महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिला. 21 जून रोजी उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. आणि 2025 मध्ये भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील महायुतीचे सरकार आहे. तीन सरकारे, तीन रंगांचे झेंडे. पण महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींनी राजकारणाविषयी काही बोलताच त्यांच्याशी वागण्याची रीत मात्र एकच.

या तिन्ही प्रसंगांत कायद्याची कलमे वेगवेगळी होती. पालघर प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 अ हे कलम वापरले गेले. 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार ‘घोर अपमानकारक’ मजकूर किंवा ‘त्रास’ व ‘गैरसोय’ व्हावी म्हणून पाठविलेला खोटा मजकूर तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र होता. कोणाला कशाचा त्रास होईल याला काही माप नसते, आणि माप नसलेला कायदा हा पोलिसाच्या हातातील कोरा धनादेश असतो. पालघरच्या घटनेनंतर एकवीस वर्षांच्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्याचा निकाल लागला आणि हे कलम घटनाबाह्य ठरले, तेव्हा ती कायद्याची विद्यार्थिनी होती. या निकालाने एक साधा, पण मूलगामी भेद सांगितला. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोहोंना, त्या कितीही अप्रिय असोत, राज्यघटनेच्या 19व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. चिथावणीच्या टप्प्यावर पोहोचल्यावरच बंधनाचा प्रश्न उद्भवतो.

निकाल लागला, परंतु ठाण्यांपर्यंत तो पोहोचला नाही. रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले. अखेर या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावे लागले. दरम्यान मे 2022 मध्ये राजद्रोहाचे कलम न्यायालयाने स्थगित केले होते. परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच वळणाचे 152वे कलम आले. शब्द बदलले, धाक राहिला. धाक हा कलमात नसतो, तो कलम वापरण्याच्या सवयीत असतो.

ही सवय कशावर पोसली जाते, हे पाहण्यासाठी प्रसारमाध्यमांच्या अर्थकारणाकडे वळले पाहिजे. छापील वृत्तपत्रांच्या काळात विद्यार्थ्याला मत होते, पण ते मांडण्यासाठी भांडवल नव्हते. मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेत लहान वृत्तपत्रे टिकावीत म्हणून पहिल्या प्रेस कमिशनच्या शिफारशीनुसार 1956 साली किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा झाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निकाल महत्त्वाचाच होता. परंतु भांडवलाची मक्तेदारी आणि मताचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, हा आर्थिक प्रश्न त्याने सोडविला नाही. तो तसाच मागे राहिला.

भ्रमणध्वनीने हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. मत प्रसिद्ध करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि तालुक्याच्या गावच्या मुलालाही व्यासपीठ मिळाले. पण व्यासपीठ मिळणे आणि व्यासपीठाची मालकी मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. या व्यासपीठांचे मालक जाहिरातदारांना वाचकाचे लक्ष विकतात, आणि लक्ष सर्वांत लवकर वेधले जाते ते संतापाने. म्हणून शंभर वाचकांच्या वर्तुळात राहिले असते असे एखादे अर्धेकच्चे वाक्य कोणीतरी छायाचित्र काढून हजारोंपर्यंत पोहोचवितो. ‘हिला अटक करा’ अशी मागणी उठते. तीच बातमी म्हणून दूरचित्रवाणीवर येते. आणि लोकभावना तीव्र असल्याचे कारण दाखवून पोलीस कारवाई करतात. वास्तविक मजकुराचा प्रसार त्या विद्यार्थ्याने केलेला नसतो, तो तक्रारदारांनी केलेला असतो. प्रसाराचा नफा मालकाला, प्रसिद्धीचा लाभ तक्रारदाराला आणि शिक्षा तेवढी लिहिणाराला, अशी ही विषम वाटणी आहे.

शिक्षेच्या बाबतीतही समता नाही. पैसेवाल्याच्या मुलाला चोवीस तासांत वकील मिळतो. शिष्यवृत्तीवर किंवा शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्या मुलाची एक परीक्षा बुडाली तर वर्ष जाते, वर्ष गेले तर शिष्यवृत्ती जाते, आणि वसतिगृहातील खोली गेली तर शहरच सुटते. खटल्यात तो दोषी ठरो वा न ठरो, त्याची शिक्षा भोगून झालेली असते. आणि ती तो एकटा भोगत नाही. वर्गातील इतर विद्यार्थी ते पाहतात, घरचे वडीलधारे ‘तू त्या भानगडीत पडू नकोस’ म्हणून बजावतात, आणि एका अटकेने शेकडो तोंडे बंद होतात. सेन्सॉर अधिकारी न नेमता साधलेली ही सेन्सॉरशिप आहे. 1975 च्या आणीबाणीत निदान ती कोणाच्या सहीने होते हे माहीत असे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, त्यांना राजकारणातले काय कळते, असे म्हटले जाते. महाराष्ट्राला तरी हा आक्षेप शोभत नाही. 1832 साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपासचे होते. पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले आगरकर 1881 साली ‘केसरी’चे संपादक झाले आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी त्यांनी टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीच्या वाढलेल्या दरांवरून डिसेंबर 1973 मध्ये जो असंतोष उसळला, त्याने फेब्रुवारी 1974 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खाणावळीचे बिल हे राजकारण नव्हे, असे तेव्हाही अनेक प्राचार्यांचे मत असेल. 1989 पासून तर अठराव्या वर्षी मताचा हक्क आहे. सरकार निवडण्याइतका जो शहाणा आहे, तो सरकारविषयी बोलण्यास अपात्र कसा ठरतो?

विद्यार्थ्याचे मत अपुऱ्या माहितीवर बेतलेले असते, उथळ असते, कधी अन्यायकारकही असते, हे खरे आहे. पण शिक्षणाची जागा तीच तर आहे. चुकीच्या मताला वर्गात उत्तर देता येते. तुरुंगात देता येत नाही. तुरुंगातून सुटलेला मुलगा आपले मत बदलत नाही, फक्त लपवायला शिकतो. आणि मत लपविण्याची सवय लागलेली पिढी लोकशाही चालवू शकत नाही.

मत मांडण्याची शिस्त ज्या व्यवहारातून अंगी बाणते, तो व्यवहारही महाराष्ट्राने महाविद्यालयांतून हद्दपार केला. हिंसाचाराचे कारण देऊन विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेनुसार नेमणुकीची पद्धत आणली. 2016 च्या कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण 2019 मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलण्यात आल्या. सभा नाही, निवडणूक नाही, विरोधकाचे म्हणणे समोर बसून ऐकण्याचा प्रसंग नाही. मग राजकीय विचार व्यक्त करण्यास भ्रमणध्वनीचा पडदा तेवढा उरतो. ज्या तरुणाला बोलण्याची जागाच ठेवली नाही, तो पडद्यावर ओरडतो म्हणून त्याला दोष देणे दांभिकपणाचे होईल.

आता प्रश्न कार्यकर्त्यांचा. पहिली गोष्ट अप्रिय आहे, पण ती सांगितली पाहिजे. 2022 मध्ये नाशिकच्या विद्यार्थ्याला अटक झाली तेव्हा पुरोगामी म्हणविणारे अनेकजण गप्प राहिले, काहींना तर समाधान वाटले. त्या ट्विटची भाषा निंद्य होती यात शंका नाही. गांधीजींच्या मारेकऱ्याचे नाव घेऊन केलेला विनोद हा विनोद नव्हे. परंतु एका ट्विटसाठी अनेक ठाण्यांत गुन्हे आणि महिनाभराची कोठडी हा त्यावरील न्याय्य उपाय होता काय? त्यावेळी जे गप्प राहिले त्यांचा 2025 चा निषेध दुबळा ठरला, कारण समोरचा विचारतो की तेव्हा तुम्ही कोठे होता. आणि त्याला उत्तर देता येत नाही. स्वातंत्र्य हे आपल्याला प्रिय असलेल्या मतापुरते मागितले की ते स्वातंत्र्य राहत नाही, तो पक्षपात होतो. म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने विरोधी मताच्या विद्यार्थ्याविरुद्ध केवळ त्याच्या शब्दांसाठी पोलिसांत तक्रार करू नये, आणि तशी तक्रार दुसऱ्याने केली तर तिचा जाहीर निषेध करावा. प्रत्यक्ष हिंसेची चिथावणी असेल तेथे कायदा आहेच; त्याचा वापर काटेकोरपणे, चिथावणीपुरता व्हावा.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. 28 मार्च 2025 रोजी, म्हणजे पुण्याच्या घटनेपूर्वी जेमतेम सहा आठवडे आधी, इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उच्चार वा लेखनाबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल, तर पोलिसांनी शक्यतो आधी प्राथमिक चौकशी करावी. आणि शब्दांचा परिणाम जोखताना मन खंबीर असलेल्या माणसाची कसोटी लावावी, प्रत्येक टीकेने बिथरणाऱ्याची नव्हे. हा निकाल मराठीत, चार ओळींत, प्रत्येक जिल्हा शाखेच्या फलकावर लागला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी दोन वकिलांची नावे ठरवून ठेवावीत, म्हणजे अटकेची बातमी आल्यावर शोधाशोध करावी लागणार नाही. विद्यार्थ्याला काढून टाकण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे, असा नियम प्रत्येक महाविद्यालयाने करावा म्हणून प्राचार्यांना भेटावे. आणि विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका कायद्याप्रमाणे घ्याव्यात, ही मागणी विद्यार्थी संघटनांवर सोडून न देता पक्षाने स्वतः लावून धरावी.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. पूर्वी अभ्यासवर्ग होत. तेथे सतरा-अठरा वर्षांची मुले वडीलधाऱ्यांशी वाद घालीत, हरत, पुस्तक घेऊन घरी जात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वाद घालण्यास येत. आज असे वर्ग किती शाखा घेतात, याचा हिशेब प्रत्येक शाखेने स्वतःशी करावा. जो पक्ष तरुणाचे अर्धेकच्चे मत ऐकून घेण्यास तयार नाही, त्याला ते मत पक्के झाल्यावर ते विरोधात गेले म्हणून तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

न्यायालय तुरुंगाचे दार उघडू शकते, बुडालेली परीक्षा देण्याची सोयही करू शकते. परंतु वर्गात परतलेल्या त्या मुलीला पुन्हा निर्भयपणे प्रश्न विचारता यावा, ही व्यवस्था न्यायालय करू शकत नाही. ती समाजाने करावयाची आहे आणि समाजाला त्यासाठी जागे करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. चौथे सरकार येईल तेव्हा त्याच्याही हाती हीच कलमे असतील. ते कोणत्या पक्षाचे आहे हे पाहून आपली भूमिका ठरणार असेल, तर पाचव्या सरकारच्या काळातही हाच अग्रलेख लिहावा लागेल.