टोमॅटोचा ब्रुस्केत्ता

ब्रुस्केत्ता हा मूळ रोमकडचा शब्द. निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या तिकडील क्रियापदावरून तो आला. (उच्चार 'ब्रुशेटा' नव्हे, मध्ये 'क' आहे.) तेव्हा येथे पहिला मान पावाचा. टोमॅटो इटलीस पोहोचला तोच सोळाव्या शतकात, अमेरिकेतून. भाजका पाव, लसूण, मीठ व ऑलिव्ह तेल एवढ्यावरही हा पदार्थ पुरा होतो. टस्कनीत त्यास फेत्तुंता, म्हणजे तेल माखलेला काप, म्हणतात.

म्हणून भगिनींनो, मऊ पाव घेऊ नये. जाड कवचाचा, आदल्या दिवशीचा उरलेला पाव बोटभर जाडीने कापून दोन्ही बाजूंनी भाजावा व गरम असतानाच त्यावर लसणीची सोललेली पाकळी घासावी. खरखरीत पाव किसणीचे काम करतो. चार पिकलेले टोमॅटो बिया काढून चिरावेत, मीठ लावून दहा मिनिटे चाळणीत निथळू द्यावेत. कोशिंबिरीस पाणी सुटते हे आपण जाणतोच. तेच पाणी येथे पावाचा लगदा करते. मग तेल आणि बाझिलिकोची हाताने तोडलेली पाने मिसळावीत. ही वनस्पती आपल्या सब्जाचीच भाऊबंद.

बाजारात टोमॅटो फिकट व कडक असतील, तर नुसते लसूण-तेल बरे. टोमॅटो पावावर घालावेत ते मंडळी बसल्यावरच.