जागा आणि वावर

भोरहून आंबवड्याला गेलेल्या पाहुण्याला नागेश्वराचे देऊळ आणि संस्थानकाळातील झुलता पूल आवर्जून दाखवला जातो. कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्याही याच गावात आहेत. एक रोहिडखोऱ्याचा देशमुख, तर दुसरा १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या जिवाला राखणारा. पण समाधीला समाधीपण केवळ दगडाने येत नाही. तिथे येणारी, दिवा लावणारी, नाव सांगणारी माणसे ते टिकवतात. ती यायची थांबली की मागे उरतो तो चौथरा.

फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात अवकाश हा समाजाच्या व्यवहारातून 'घडतो', अशी मांडणी केली. मराठीच्या अभ्यासकाला ती अगदीच अपरिचित वाटू नये. महानुभावांची 'स्थानपोथी' भूमीची ओळख करून देते ती चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या व लीळांच्या आधारे. शिवाय शेतालाही 'वावर' आणि माणसाच्या हिंडण्याफिरण्यालाही 'वावर' म्हणणारी आपली भाषा जागा आणि व्यवहार यांना फारसे वेगळे ठेवत नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो तर हा विचार निरुपद्रवी राहतो. वावर कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला; महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात ते खुले करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, ओंजळीने पाणी प्यावे लागले. त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' करणाऱ्यांनाही हेच कळले होते, की जागा कोणाची हे कृतीने ठरते. न्यायालयातला वाद पुढे १९३७ पर्यंत चालला.

आभासी अवकाशाविषयी आपण बोलतो तेव्हा ठराव आणि ओंजळ यांतील हे अंतर विसरतो. तेथे गावकूस नाही, पार नाही, बसण्याची उतरंड नाही, असे आपण गृहीत धरतो. या परिसरातील एका गावाचा व्हॉट्सअ‍ॅपवरील गट माझ्या पाहण्यात आहे. नाव अर्थातच 'चावडी'. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळीही त्यात आहेत. यात्रेची वर्गणी, बैलांचे फोटो, श्रद्धांजल्या असा सारा व्यवहार तेथे चालतो. स्त्रिया सभासद आहेत, पण बोलत नाहीत. एकदा एकीने पाण्याच्या टँकरची वेळ सोयीची नसल्याचे लिहिले. गटात कोणी उत्तर दिले नाही. तिच्या नवऱ्याला मात्र फोन गेला. चावडीपुढून पदर सावरून जाण्याची रीत अशी फोनच्या पडद्यावरही पोहोचली होती. नाव उगाच जुने ठेवलेले नसते!

महाडच्या पाण्यामागे जातिव्यवस्थेची हिंसा होती. तिची बरोबरी या प्रसंगाशी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साम्य आहे ते एवढेच, की दोन्ही ठिकाणी प्रवेशाची मुभा म्हणजेच प्रवेश, असे मानले गेले. तंत्रज्ञान मुभा देऊ शकते. जुना व्यवहार मोडण्याचे काम ते माणसाच्या वतीने करीत नाही.

आपण साहित्याचे अध्यापक वर्गात 'ग्रामीण अवकाश', 'दलित अवकाश' या संज्ञा सहज वापरतो. त्या वापरताना प्रत्येक संहितेला एक साधा प्रश्न विचारायला हवा: येथे कोण बसले आहे, कोण उभे आहे आणि कोण नुसतेच समोरून जात आहे? तोच प्रश्न आपल्या वर्गालाही विचारावा. शेवटच्या बाकांवर कोण गप्प बसते हे आपल्याला ठाऊक असते.

त्या गटात दुसऱ्या दिवशी त्याच आळीतील दोघींनी टँकरच्या वेळेबद्दल पुन्हा तेच लिहिले. वेळ बदलली नाही. पण 'चावडी'त त्या दिवशी तीन बायका बोलल्या होत्या, आणि ती जागा पूर्वीसारखी राहिली नव्हती.