षड्ज, पंचम आणि जालन्याची भट्टी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. रात्री गच्चीत बसलो होतो आणि औद्योगिक वसाहतीकडून रोलिंग मिलची घरघर वाऱ्यासोबत येत होती. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचे, लाटून सळई काढायची. जालन्याच्या रात्रीला हा खर्ज कायमचाच. त्याने मोबाइलवर काहीतरी लावलं. मला वाटलं, इलेक्ट्रिक गिटार.

“नाही मामा, चार चेलो आहेत. ड्रमसुद्धा नाही.”

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकणाऱ्या मुलांनी 1993 मध्ये ‘अपोकॅलिप्टिका’ हा गट सुरू केला आणि 1996 च्या पहिल्या अल्बममध्ये ‘मेटॅलिका’ या हेवी मेटल बँडची आठ गाणी नुसत्या चेलोवर वाजवली. गिटारची सगळ्यात खालची तार नेहमीच्या जुळणीत 82 हर्ट्झच्या आसपास बोलते, चेलोची 65 च्या. म्हणजे जडपणा त्या लाकडी पेटीत आधीपासूनच होता. गज घोडीजवळ दाबून ओढला की स्वर फाटतो, आणि मेटलला तो फाटलेला स्वरच हवा असतो.

मग भाच्याने ‘पॉवर कॉर्ड’ समजावून सांगितली. षड्ज आणि पंचम एकत्र वाजवायचे, गंधार गाळायचा. मी चमकलो. घरातल्या तानपुऱ्याच्या चार तारा आणखी काय करतात? पंचम, दोन जोड, खर्ज.

साम्य इथेच थांबत नाही. गिटारचा अॅम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ढकलला की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वरात नव्या स्वरांशांची भर पडते. तानपुऱ्याची तार घोडीच्या रुंद पाठीवर घासत कंप पावते, तेव्हाही वरचे स्वरांश असेच उमलतात. आपण त्याला जवारी म्हणतो. लहानपणी अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात मैफलीआधी तारेखालचं सूत केसभर सरकवणारे हात मी टक लावून पाहायचो. जागा सापडली की सगळा मंडप भरून जायचा. त्या झंकाराला आणि मेटलच्या गर्जनेला परकी माणसं मानण्याची माझी तयारी त्या रात्री संपली.

मिरजेची गोष्ट तर याहून सुंदर. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारी घराणी मुळात शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. पोलादावर बसलेला हात भोपळ्यावर आणि घोडीवर वळला.

मेटलचं मूळही असंच कारखान्यात सापडतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खाली उतरवल्या. ‘ब्लॅक सॅबथ’चा जड आवाज असा घडत गेला. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्या मला हे ऐकताना पोटात कालवलं.

आपल्याकडे ऋषभ सीन या तरुणाने ‘सितार मेटल’ या बँडमध्ये सतार आघाडीला आणली आहे. भाच्याने तेही ऐकवलं. मिंडेच्या ओढीत ती आग जास्तच पेटते, असं माझं मत.

मग मी खाली जाऊन तानपुरा आणला. त्याने सूत सरकवलं, काढलं, पुन्हा बसवलं. मध्यरात्री जवारी लागली. मिल चालूच होती.

“मामा,” तो म्हणाला, “खर्ज थोडा उतरवू का?”