पोह्यांवर लिंबू पिळा, चहा थांबवा!

रविवारी सकाळी तळजाईवर पळणाऱ्या कुठल्याही ग्रुपची खरी फिनिश लाइन म्हणजे टपरी! दहा किलोमीटर झाले की गरमागरम पोहे आणि सोबत कडक चहा. पोह्यांना माझी अजिबात हरकत नाही. चहाला आहे, आणि तीही फक्त तासाभरापुरती.

कारण सांगते. आमच्या ग्रुपमधली एक आयटीवाली मैत्रीण मध्यंतरी अचानक मागे पडायला लागली. टायमिंग घसरलंच, पण ऑफिसचे दोन जिने चढतानाही तिला धाप लागायची. सल्ले काय, फुकटच असतात: झोप वाढव, स्ट्रेस घेऊ नकोस, जॉब बदल! हिमोग्लोबिन आलं १२.२. बायकांसाठी मर्यादा १२, म्हणजे काठावर पास, त्यामुळे घरचे निर्धास्त. मग एका डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं. ते निघालं ९!

हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतला बॅलन्स. पाकिटात नोटा दिसतात तोवर खातं रिकामं झाल्याचा पत्ता लागत नाही. फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपला असं धरतात. खेळाडूंचे डॉक्टर तर तिशीच्या आतच सावध होतात.

पळणाऱ्यांचं लोह जातं कुठे? पाय आपटून तळव्यातल्या थोड्या रक्तपेशी फुटतात, थोडं घामातून जातं, बायकांचं पाळीत जातं. त्यात आपल्याकडे मुळातच बोंब! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या.

आणखी एक गंमत आहे. दमवणारी रन झाली की यकृत हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन सोडतं आणि ते आतड्यात लोहाची वाट अडवतं. पण ते पुरतं चढायला तीन ते सहा तास लागतात. म्हणजे रननंतरचा पहिला अर्धा तास लाखमोलाचा. आणि नेमका तेव्हाच आपण चहा ढोसतो! चहातली टॅनिन्स पोह्यांतलं लोह धरून ठेवतात. कॉफीवाल्यांनीही हसू नये. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं सी जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

बाकी खजिना आजीच्या स्वयंपाकघरातच आहे. बाजरीची भाकरी घ्या. (नाचणीचं नाव मोठं, पण ते कॅल्शियमसाठी, लोहात बाजरी पुढे.) अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीनेच का खायचे बुवा? लोखंडी कढईत आमसूल घातलेली आमटी करा, आंबटामुळे कढईतलं लोहही उतरतं. पालकाची जाहिरात मात्र जरा जास्तच झालीय; त्यातलं लोह अंगी फार कमी लागतं. खाणाऱ्यांसाठी मटण आणि कलेजी बेस्ट, ते लोह चटकन शोषलं जातं.

साठा फारच खाली असेल तर लाडवांनी भागत नाही, गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, जास्तीचं लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. आणि पुरुष मंडळी, तुमचं फेरिटिन कमी आलं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, हे तपासून घ्या.

हो, टेस्टच्या आदल्या दिवशी लाँग रन नको. ताप-सर्दी असतानाही नको. तेव्हा फेरिटिन उगाचच फुगलेलं दिसतं.