टेकाड खोदण्याआधी ग्रामसभेला विचारा

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शिवारालगत सपाट माथ्याचं एक टेकाड आहे. लहानपणी मी तिथं शेळ्या राखल्या, हिवाळ्यात सीताफळं खाल्ली. सगळे त्याला बरड म्हणतात. यंदा मे महिन्यात गेलो, तर त्याची एक कड पोकलेननं कापून नेलेली. मुरूम रस्त्याच्या भरावात गेला.

कापलेल्या भिंतीपाशी बराच वेळ बसलो. वर पुरुषभर काळा, भेगाळलेला दगड. खाली वीतभर लाल पट्टी. नखानं उकरली की बोट गेरूसारखं माखतं. त्याखाली मुरूम, त्यात हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या गारा. भर उन्हाळ्यात त्या लाल पट्टीच्या वरच्या अंगाला ओल होती! पाऊस भेगांतून खाली उतरतो, त्या चिकट थरावर अडतो आणि पायथ्याच्या विहिरींना महिनोन्‌महिने पुरतो. माझ्या भावाची विहीर त्याच ओलीवर गहू काढते. या टेकाडाला बरड कसं म्हणायचं?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. वरचा कठीण थर टोपीसारखा टिकला, म्हणून माथा सपाट राहिला. अमेरिकेत नवाहो लोकांच्या भूमीवरचे मेसा, म्हणजे सपाट माथ्याचे डोंगर, असेच टिकलेत, फक्त तिथं वालुकाश्म आहे. त्या वाळवंटात 1944 ते 1986 युरेनियम खोदलं गेलं. ओल्जाटो मेसाही त्यातून सुटला नाही. पाचशेहून जास्त खाणी तशाच टाकून दिल्या गेल्या, पाणी नासलं, माणसं आजारी पडली. शेवटी 2005 मध्ये नवाहोंनी स्वतःच कायदा करून आपल्या भूमीवर युरेनियमची खोदाई बंद केली.

आपल्याकडे 1996 च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात मुरमासारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातल्या अनेक गावांना तो आधार आहे. दारव्हा तालुक्याला नाही. विहीर आटली तर दोन्हीकडचा शेतकरी सारखाच बुडतो, मग हा अधिकार सगळ्याच ग्रामसभांना द्या. रस्ते हवेतच, मुरूमही लागणार. पण कुठून आणि किती खोल काढायचा, हे त्या पाण्यावर जगणाऱ्यांना विचारून ठरवा. परवान्याआधी पायथ्याच्या विहिरींची मे महिन्यातली पाणीपातळी मोजा आणि ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. तोवर भावाच्या विहिरीत दर सोमवारी दोर सोडून पाणी मोजतोय.